रात्रपाळीच्या टेबलावरचं पॅनल

सकाळी 6.30

जुलै हा आमच्या कामाचा सगळ्यात धावपळीचा महिना. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 प्रमाणे इमारतीच्या मालकाला किंवा भोगवटादाराला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. सगळे त्याला 'फॉर्म बी' म्हणतात. त्या कागदावर सही होण्याआधी कुणीतरी इमारतीत जाऊन एकेक डिटेक्टर तपासायचा असतो. ते काम माझं आणि माझ्या जोडीदाराचं.

मानेवाड्याहून निघताना पिशवी बघून घेतो. मल्टिमीटर, लॅपटॉप, पॅनलच्या चाव्यांचा जुडगा, छतावरचा डिटेक्टर काढायची लांब काठी, स्मोक स्प्रेचे डबे, दोन-चार नवे डिटेक्टर आणि लॅमिनेट केलेल्या कागदांची एक फाइल. रात्रभर पाऊस झालाय. पावसाळ्यात आमचे फोन जास्त वाजतात, कारण पाणी केबलच्या जोडापर्यंत पोचतं आणि पाखरं डिटेक्टरच्या जाळीत शिरतात.

सकाळी 7.15

धंतोली. रामदासपेठ आणि धंतोली हे नागपूरचे दवाखान्यांचे मोहल्ले. नागपूरकर तर इथे येतातच, शिवाय भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, पलीकडचे बालाघाट आणि छिंदवाडा, सगळीकडचे पेशंट येतात. जुन्या बंगल्यांच्या जागी उभी राहिलेली किंवा बंगल्यालाच मजले चढवून केलेली रुग्णालयं, अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्या. अग्निशमनची मोठी गाडी इथे वळवणं किती अवघड आहे हे चालकाला विचारावं. म्हणूनच इथे आग लागल्याचं पहिल्या दोन मिनिटांत आतल्याच माणसांना कळणं फार गरजेचं आहे.

आजचं रुग्णालय चार मजल्यांचं. आधी रिसेप्शन, मेट्रन, लिफ्टमन आणि सिक्युरिटी, सगळ्यांना सांगून येतो की तासाभरात टेस्टिंग सुरू होतंय, घाबरू नका. ज्या मजल्यावर काम आहे तिथलेच हूटर बंद करतो आणि कुठले बंद केले ते वहीत लिहून ठेवतो. काम संपल्यावर ते पुन्हा चालू करायचे राहून गेले, तर आम्ही येण्याआधीपेक्षा इमारत जास्त धोक्यात जाईल.

मुख्य फायर अलार्म पॅनल तळमजल्यावर, जिन्याखालच्या सिक्युरिटीच्या खोलीत आहे. इमारतीतले सगळे स्मोक डिटेक्टर, हीट डिटेक्टर आणि काच दाबायचे कॉल पॉइंट एका लूपवर जोडलेले असतात. प्रत्येकाला स्वतःचा पत्ता असतो आणि पॅनल सतत एकेकाची हजेरी घेत असतं. दिवसा या खोलीत माणूस असतो. रात्री तोच माणूस गेटवर अॅम्ब्युलन्सला वाट करून देत असतो, पार्किंग बघत असतो. म्हणजे रात्री दोन वाजता पॅनल ओरडलं तर ते रिकाम्या खोलीत ओरडणार.

म्हणून तिसऱ्या मजल्यावर, आयसीयू आणि नवजात कक्षाच्या मधल्या सिस्टरांच्या टेबलामागे भिंतीवर रिपीटर लावलाय. मुख्य पॅनलला जे दिसतं तेच दुसऱ्या जागी दाखवणारी ही छोटी पेटी. आगीला लाल दिवा, बिघाडाला पिवळा, वीज असल्याचा हिरवा. चार ओळींची एक काच, तिच्यावर कुठल्या मजल्यावर, कुठल्या खोलीत, कुठला डिटेक्टर ते उमटतं. आत बारीक बझर. स्वतः ती काही शोधत नाही, विझवत नाही. रात्री जिथे माणूस जागा असतो तिथे ती बातमी पोचवते, एवढंच तिचं काम. माझ्या मते सगळ्या यंत्रणेत याहून मोलाचं काम दुसरं नाही.

9 जानेवारी 2021 च्या रात्री दीडच्या सुमारास भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात आग लागली. दहा बाळं गेली. धूर येतोय हे तिथल्या नर्सच्या लक्षात आलं, त्यानंतर धावाधाव झाली आणि सात बाळांना बाहेर काढता आलं. भंडारा इथून जेमतेम 60 किलोमीटर. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नागपूरच्या वाडी भागात, त्याच महिन्यात विरारला आणि नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात, अशा रुग्णालयांनाच आगी लागल्या. तेव्हापासून कुठल्याही रुग्णालयात शिरलो की मी पहिल्यांदा मुख्य पॅनलकडे जात नाही. रात्री इथे जागं कोण असतं, कुठे बसतं, आणि त्या खुर्चीतून रिपीटर दिसतो का, हे आधी बघतो.

सकाळी 8.00

वॉक टेस्ट. जोडीदार काठी आणि स्प्रे घेऊन खोल्याखोल्यांतून फिरतो, मी रिपीटरसमोर उभा. फोन कानाला.

"मारला."

थोडा वेळ जातो. लाल दिवा लागतो, बझर वाजतो.

"आला. जनरल वॉर्ड, दुसरा माळा दाखवून राहिलाय."

"जनरल वॉर्ड कुठून आला? मी तं डायलिसिसमध्ये उभा आहे ना भाऊ."

इथे आम्ही थांबतो. डिटेक्टर बरोबर आहे, केबल बरोबर आहे, दिवाही लागला. पण दुसऱ्या मजल्यावरचा जनरल वॉर्ड हलवून तिथे डायलिसिस युनिट आलं, पार्टिशनं बदलली आणि पॅनलमधलं नाव मात्र जुनंच राहिलं. जनरल वॉर्ड आता नव्या विंगमध्ये आहे. रात्री हे नाव वाचून सिस्टर नव्या विंगकडे धावल्या असत्या, आणि इकडे यंत्राला जोडलेले, उठून पळू न शकणारे पेशंट धुरात राहिले असते.

जागेचं नाव चुकलं की काय होतं ते जगाने पाहिलं आहे. 15 एप्रिल 2019 ला पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये संध्याकाळी अलार्म वेळेवर वाजला होता. पॅनलसमोर माणूसही होता. पण जागेचा जो संदेश आला त्याचा अर्थ नीट लागला नाही. रक्षक शेजारच्या छोट्या इमारतीच्या पोटमाळ्यावर जाऊन बघून आला, तिथे काहीच नव्हतं. खरी आग कॅथेड्रलच्या मुख्य छताखालच्या लाकडात होती. चूक उमगेपर्यंत जवळपास अर्धा तास गेला. साडेआठशे वर्षांची वास्तू, महागडी यंत्रणा, आणि नड कशाची, तर जागेच्या नावाची.

म्हणून लॅपटॉप जोडून मी नावं बदलायला बसतो. यात वेळ जातो आणि याचे वेगळे पैसे कुणी देत नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी हे काम पुढच्या खेपेवर ढकललं जातं. काचेवर अक्षरं मोजकी मावतात. त्यात नकाशावरचं नाव घालायचं नाही, मजल्यावरची माणसं ज्या नावाने ती जागा ओळखतात ते घालायचं. आर्किटेक्टच्या कागदावर 'सर्व्हिस रूम 2' असेल, पण सगळे तिला 'ऑक्सिजनची खोली' म्हणत असतील, तर पॅनलवर ऑक्सिजनच यायला हवं. मेट्रन शेजारी बसून एकेक नाव सांगतात, मी भरतो. जोडीदार प्रत्येक खोलीत पुन्हा स्प्रे मारून खात्री करतो.

याच फेरीत दारांवरचे छोटे लाल दिवेही बघतो. आम्ही त्यांना आर.आय. म्हणतो. कुलूपबंद खोलीतला किंवा खोट्या छतावरचा डिटेक्टर पेटला की त्या खोलीच्या दारावरचा हा दिवा लागतो. रिपीटरने मजला सांगितला, आता कॉरिडॉरमध्ये ओळीने आठ बंद दारं आहेत, कुठलं उघडायचं? या दिव्यामुळे ते कळतं. किंमत अगदी थोडी. रंगकाम करणाऱ्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन दिव्यांवर ब्रश फिरवलाय. खरवडून, पुसून, पुन्हा टेस्ट.

सकाळी 10.15

रिपीटरच्या बझरची भोकं पांढऱ्या मेडिकल टेपने बंद केलेली दिसली. विचारलं तर रात्रपाळी संपवून निघालेल्या सिस्टर थांबल्या.

"दादा, रात्री दोन-दोनदा वाजते हे. जाऊन बघितलं तर काहीच नसते. लहान बाळं दचकतात, पेशंटचे नातेवाईक भांडायला येतात. किती दिवस ऐकायचं?"

त्यांच्यावर रागावण्यासारखं यात काहीच नाही. खोटा अलार्म देणारी यंत्रणा माणसाला दुर्लक्ष करायला शिकवते, आणि तो दोष यंत्रणा लावणाऱ्यांचा आणि सांभाळणाऱ्यांचा. पॅनलची नोंदवही काढली. प्रत्येक अलार्मची तारीख-वेळ तिच्यात असते. रोज रात्री तोच पत्ता. पेंट्रीच्या दाराजवळचा स्मोक डिटेक्टर. रात्री साडेअकराला आणि पहाटे चारला तिथे पाणी उकळतात, चहा होतो, वाफ थेट डिटेक्टरवर जाते. आतल्या जाळीत बारीक किडेही निघाले.

पेंट्रीत स्मोक डिटेक्टर नकोच, तिथे उष्णतेवर चालणारा हवा. साधारण 57 अंशांना तो काम करतो. वाफेने आणि फोडणीच्या धुराने फसत नाही. (नागपुरात याचीही जागा बघूनच ठरवावी लागते. मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडखाली किंवा लिफ्टच्या मशीनरूममध्ये किती होतं ते तिथे दुपारी उभं राहिलेल्यालाच ठाऊक. अशा ठिकाणी जास्त अंशांचा लावतात.) दारावरचा स्मोक डिटेक्टर कॉरिडॉरमध्ये पुढे सरकवला. टेप मी काढली नाही, सिस्टरांना सांगितलं की दोन रात्री बघा, खोटा वाजला नाही तर तुम्हीच काढा. त्यांनी तिथल्या तिथे काढून टाकली.

मग टेबलाच्या काचेखाली फाइलमधला एक कागद ठेवला. त्या मजल्याचा साधा नकाशा, मराठीत खोल्यांची नावं, जिने, ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह, अग्निशमन यंत्रं कुठे आहेत ते, आणि वर ठळक 101.

दुपारी 12.30

कागदपत्रं. बंद पडलेल्या तीन डिटेक्टरांची नोंद, बदलल्याची नोंद, व्यवस्थापनाची सही. सगळं चालू झाल्याशिवाय आमची एजन्सी फॉर्म बी देत नाही. यावरून काही गिऱ्हाइकं तुटली आहेत. तुटू देत.

दुपारी 1.45

सीताबर्डी. दुकानं आणि ऑफिसांची जुनी सात मजली इमारत. पॅनल तळघरात, रिपीटर लॉबीत लिफ्टशेजारी. दुरूनच पिवळा दिवा दिसला. टेबलावरचे गार्डकाका म्हणाले, "साहेब, हिरवा लाइट हाये ना, मंग चालूच हाये ते."

हा गैरसमज मला जवळजवळ प्रत्येक इमारतीत भेटतो. हिरवा दिवा फक्त वीज आहे एवढंच सांगतो. काचेवर 'कम्युनिकेशन फॉल्ट' लिहिलेलं होतं. तळघरातल्या पॅनलशी रिपीटरचं बोलणंच तुटलंय. तळघरात आग लागली तरी लॉबीत हिरवा दिवा असाच तेवत राहिला असता. नोंदवही पाहिली. बिघाडाची पहिली नोंद जूनच्या मध्यावरची, म्हणजे पाऊस सुरू झाल्यापासून. पहिल्याच दिवशी कुणीतरी बझर गप्प केला आणि विषय संपला.

रिपीटर आणि पॅनल दोन तारांवर बोलतात. ही केबल जिथे सुरू होते आणि जिथे संपते अशा दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रेझिस्टर लावलेला असतो. दोन्ही यंत्रं बंद करून तारांमध्ये मोजलं तर दोन्ही रेझिस्टर मिळून 60 ओहमच्या आसपास यायला हवेत. तळघरात मोजले, 120 आले. म्हणजे मीटरला पलीकडचा रेझिस्टर दिसतच नाही, तार मध्ये कुठेतरी तुटली आहे. लॉबीतून मोजले, तिथेही 120. दोन्ही टोकं शाबूत, घोळ मधल्या वाटेत.

तळघर ते लॉबी म्हणजे एक मजला, तर केबलही तेवढीच असावी असं वाटेल. पण जुन्या इमारतींत केबल जिथून सोयीची पडली तिथून जाते. ही शाफ्टमधून तिसऱ्या मजल्यापर्यंत वर जाऊन दुसऱ्या बाजूने खाली उतरलेली. शाफ्टमध्ये बॅटरी धरून जोडीदार, खाली मी. तिसऱ्या मजल्यावरच्या जंक्शन बॉक्सचं झाकण नव्हतं, वरच्या पाइपाचं पाणी थेंबथेंब त्यात पडत होतं. स्क्रूखालची तांब्याची तार हिरवी पडून कुजली होती, बोट लावताच सुटली. कुजलेला भाग कापून नवा जोड दिला, बॉक्स बदलला, तोंड खाली करून बसवला, म्हणजे पाणी आत साचणार नाही. पुन्हा मोजलं. 60.

पॅनल चालू केलं तसा लॉबीतला पिवळा दिवा विझला. काकांना समोर बसवून तळघरातला कॉल पॉइंट दाबायला लावला आणि लाल दिवा, बझर, काचेवरचं 'बेसमेंट' हे सगळं त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायला लावलं. "पिवळा लागला का फोन करायचा, रात्री का असेना," एवढंच त्यांच्याकडून वदवून घेतलं.

दुपारचा डबा या सगळ्यात चार वाजता सुटला.

संध्याकाळी 5.30

सिव्हिल लाइन्स ओलांडून काटोल रोडकडे. देशभरचे अग्निशमन अधिकारी जिथे घडतात ते राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्याच गावात आहे. 1956 मध्ये उत्तर प्रदेशातल्या रामपूरला ते सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आलं. कितीतरी शहरांचे अग्निशमन प्रमुख इथे शिकून गेले. असं महाविद्यालय ज्या शहरात आहे, त्या शहरातल्या प्रत्येक गार्डला पॅनलचे तीन दिवे ओळखता आले पाहिजेत अशी माझी मनापासून अपेक्षा आहे. दरवर्षी 14 एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात, 1944 च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ. त्या आठवड्यात शाळांमधून प्रात्यक्षिकं होतात, तशी ती सोसायट्यांच्या गेटवरही व्हायला हवीत.

संध्याकाळी 6.15

काटोल रोडवरची निवासी इमारत, बारा मजली. 15 मीटरपासून पुढच्या इमारतीला राष्ट्रीय इमारत संहिता उंच इमारत मानते. मुख्य पॅनल क्लबहाउसजवळच्या खोलीत, रिपीटर गेटच्या केबिनमध्ये. जागा उत्तम निवडली आहे.

तपासणीत शेवटी मी नेहमी इमारतीच्या पॅनलची मेन वीज बंद करून बघतो. पॅनलमध्ये 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून 24 व्होल्ट केलेले असतात, वीज गेली की त्यांच्यावर सगळं चालतं. मुख्य पॅनल चालू राहिलं. मग केबिनची वीज बंद केली आणि रिपीटर पूर्ण अंधारला. मागे पाहिलं तर रिपीटरला पॅनलकडून येणारी वीज तोडून, गार्डच्या पंख्याच्या आणि मोबाइल चार्जरच्या बोर्डावरून एका अॅडॉप्टरने दिली होती. केव्हातरी दुरुस्तीत कुणीतरी सोपा मार्ग काढला असणार. आग लागली की सगळ्यात आधी बंद होते ती हीच वीज, कधी शॉर्ट सर्किटने, कधी कुणी मेन स्विच पाडल्याने. नेमक्या त्या क्षणी रिपीटर मेला असता. पॅनलकडची जुनी तार शाबूत होती, ती परत जोडली. दोन्हीकडची वीज बंद करून पुन्हा पाहिलं. रिपीटर जिवंत.

रात्री 8.00

पाळी बदलली. मी याच वेळेसाठी थांबलो होतो. दिवसाच्या सुपरवायझरला शिकवून उपयोग नाही, पहाटे तीनला तो घरी झोपलेला असतो. रात्रपाळीचे दोन गार्ड, एक रामटेककडचा पोरगा, दुसरे वयस्क काका.

जोडीदाराने सातव्या मजल्यावर स्प्रे मारला. लाल दिवा. पोराचा हात लगेच रिसेटच्या बटणावर गेला. मी हात धरला. आवाज बंद करणं वेगळं आणि रिसेट वेगळं. रिसेट केलं की काचेवरचं नाव पुसलं जातं आणि डिटेक्टर पुन्हा पेटेपर्यंत आग कुठे आहे ते कुणालाच कळत नाही. आधी वाचायचं. वाचलेलं मोठ्याने बोलायचं. एकाने तिथे जायचं, लिफ्टने नाही, जिन्याने. दुसऱ्याने केबिन सोडायची नाही. धूर दिसला की 101 ला फोन, पत्ता आणि जवळची खूण सांगायची, गेटसमोरच्या गाड्या हटवायच्या. रिसेट सगळ्यात शेवटी.

"अन् इंग्रजी नाही वाचता आलं तं?" काकांनी विचारलं.

फाइलमधला शेवटचा कागद केबिनच्या भिंतीवर, रिपीटरच्या अगदी खाली लावला. काचेवर येणारा प्रत्येक झोनचा आकडा आणि त्यापुढे मराठीत मजला, विंग, जागा. आकडा तर सगळ्यांनाच वाचता येतो. पुन्हा स्प्रे मारला, या खेपेला लिफ्टच्या मशीनरूममध्ये. काकांनी आकडा पाहिला, बोट कागदावर फिरवलं आणि मोठ्याने म्हणाले, "गच्ची, लिफ्टची खोली." पोरगा जिन्याकडे निघालाही होता.

रात्री 9.30

वहीतली या इमारतीत बंद केलेल्या हूटरांची यादी उघडून एकेक चालू केला, खूण केली. उद्या सदर आणि गांधीबागेतली दोन ठिकाणं.

वाचकांना एक विनंती आहे. आज रात्री घरी जाताना आपल्या इमारतीच्या गेटवर किंवा लॉबीत थांबा आणि पॅनलचे दिवे बघा. पिवळा लागलेला असेल, तर गार्डला दोष देऊ नका, आजच सोसायटीच्या सचिवांना लेखी कळवा आणि या जुलैचं फॉर्म बी दाखवायला सांगा. घरचं कुणी रुग्णालयात भरती असेल, तर रात्रपाळीच्या सिस्टरांना विचारा की इथला अलार्म त्यांच्या टेबलावर दिसतो का. दिसत नसेल, तर व्यवस्थापनाला तिथे रिपीटर लावायला सांगा.